हरिणीचं नाक आणि आमचा ऊद

दुबईहून आलेली बाई म्हटली की आमच्या गल्लीतल्या बायका आधी तिचे हात बघतात, मग गळा, मग बॅगा. मी परत आले तेव्हा हातात जाताना होत्या त्याच बांगड्या होत्या आणि बॅगेत खजूर. मग तीन आठवडे केलं काय, असं शेजारणीनं विचारलं, तेव्हा मी खरं तेच सांगितलं, की एका लंगड्या हरिणीच्या मागं होते. तिनं माझ्याकडे असं काही बघितलं की मला विषय बदलून चहा टाकावा लागला. तेव्हापासून भेटेल त्याला हे तोंडी सांगून घसा बसलाय, म्हणून आता एकदाचं लिहूनच काढते.

अल मजाज, शारजा

माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा अविनाश परभणीला जनावरांची डॉक्टरी शिकला आणि पुढं शारजाला उंटांच्या एका दवाखान्यात लागला. "मावशी, ये" म्हणून बरीच वर्षं मागं लागला होता. नव्व्याण्णवच्या जानेवारीत एकदाची गेले. ह्यांना विमानाचं भय, त्यामुळं एकटीच. विमानाचं सांगण्यासारखं काही नाही. शेजारचा गृहस्थ घोरत होता आणि मी स्वामींचं नाव घेत होते.

अविनाशचं घर अल मजाजला, खाडीच्या काठच्या एका उंच इमारतीत. खिडकीतून खाली निळं पाणी, पाण्याच्या कडेनं फिरणारी माणसं, त्यांत निम्मी आपलीच. मी सोलापूरहून एवढ्या प्रेमानं शेंगाची चटणी आणि कडक भाकऱ्या बांधून नेल्या, तर अविनाशची बायको मृणाल म्हणते, मावशी, ज्वारीचं पीठ इथं दुबईत, कराम्याच्या बाजारात मिळतं हो. माझा अर्धा तोरा तिथंच उतरला. त्यांची सानिका दुसरीत. मी मराठीत विचारायचं आणि तिनं इंग्रजीत उत्तर द्यायचं. "जेवलीस का गं?" म्हटलं की "ऑलरेडी डन, आजी." पहिले दोन दिवस मला राग आला, तिसऱ्या दिवशी मीच "ओके" म्हणायला लागले.

अविनाशच्या दवाखान्यानं नुकतीच एक बंदूक घेतली होती. गोळीची नव्हे, भुलीच्या औषधाची. काठीसारखी लांब नळी, तिच्यात औषध भरलेली सुई घालायची आणि लांबून जनावराला मारायची, की थोड्या वेळानं ते गुंगून बसतं. पेटीत स्पंजाच्या गादीवर ती झोपवलेली. सोबत एक दुर्बीण होती, डोळ्याला लावून बटण दाबलं की समोरची वस्तू किती लांब आहे त्याचा आकडा आत उमटायचा. आणि बोटभर लांबीचा एक पंखा होता, तो हवेत धरला की वाऱ्याचा वेग कळायचा, कारण सुई हलकी, वारा तिला ढकलतो. मुंजीत सायकल मिळालेल्या पोरानं मिरवावं तसं त्यानं मला हे सगळं दाखवलं. मी म्हटलं, छान आहे. पण बंदूक म्हटली की मी अजून दोन पावलं मागं सरते.

त्याचं कारण आमचे वडील. सोलापूरच्या बाजूला माळावर काळविटांचे कळप असत आणि वडिलांना शिकारीचा नाद. बंदी यायच्या आधीची गोष्ट. मला त्यांनी लहानपणी किती वेळा सोबत नेलं, आणि दर वेळी मी परत येताना गाडीत तोंड फिरवून बसले. मेलेल्या हरणाचे डोळे मिटत नाहीत. ते मला अजून आठवतं आणि वडिलांवर माझं प्रेम असूनही ते मला कधी पटलं नाही.

मलीहाजवळचा माळ

पहिल्याच गुरुवारी अविनाशला एका शेतावर जायचं होतं. तिथं तेव्हा गुरुवारी अर्धा दिवस आणि शुक्रवारी पूर्ण सुट्टी असे, म्हणून आम्ही सगळेच निघालो. शारजा सोडून तासभर पूर्वेला गेलं की लाल वाळूच्या टेकड्या संपतात आणि खडीचा सपाट माळ लागतो, त्याच्या पलीकडं उघडेबोडके काळपट डोंगर. मला वाटलं होतं, वाळवंट म्हणजे परका मुलूख असेल. गाडीतून उतरले आणि बघते तर शमी, बोर आणि बाभूळ. ते शमीला घाफ म्हणतात, पण झाड तेच. दसऱ्याला आपण ज्याच्या पाया पडतो ते झाड तिथं उंटांना सावली देत उभं होतं. मला एकदम बरं वाटलं.

शेत अबू राशिद नावाच्या म्हाताऱ्याचं. सत्तरीकडं झुकलेला, गुडघे गेलेले, डोळे मात्र घारीचे. तरुणपणी गलबतावरून मुंबईला ये-जा केलेली, त्यामुळं हिंदी आमच्यापेक्षा फर्डी. त्यानं आधी माझ्या थोरल्या अपत्याचं नाव विचारलं. मला दोन मुलीच, थोरली वर्षा. झालं, तेव्हापासून मी त्या घरात "उम्म वर्षा" झाले, वर्षाची आई. घरी फोन करून सांगितलं तर वर्षाला माझ्यापेक्षा जास्त आनंद.

माझा गुरुवार होता, म्हणून मी खजूर आणि दूध एवढंच घेणार होते. अबू राशिदच्या बायकोला, म्हणजे उम्म राशिदला, उपास म्हटलेलं चटकन समजलं. दिवसभर उपास धरणं तिच्याकडंही आहेच. मी खजूर खाऊन उपास करते म्हटल्यावर मात्र ती हसली. बाकीच्यांसाठी परातभर भात आणि अख्खं बोकड, शिवाय हरीस, म्हणजे गहू आणि मटण एकत्र घोटून केलेली खिमटासारखी मऊ वस्तू. दुसऱ्या दिवशी मी ती दोनदा मागून घेतली. वेलदोड्याची कडू कॉफी येत राहिली. पेला हलवल्याशिवाय ते थांबत नाहीत, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं, त्यामुळं माझ्या पोटात किती गेली ते देव जाणे.

जेवण झालं आणि ऊद आला. आपल्याकडं ऊद म्हणजे दर गुरुवारी दत्तापुढं घालतो तो. तिथला ऊद म्हणजे आसामकडून जाणारं अगरूचं लाकूड, सोन्याच्या तोलानं घ्यायचं. निखाऱ्यावर त्याचा तुकडा ठेवतात आणि ते धुपाटणं पाहुण्यांमधून फिरवतात. पुरुष दाढी आणि डोक्यावरचा रुमाल धुरावर धरतात, बायकांची ओढणी आणि केस धुरावतात. हे झालं की मग पाहुण्यानं निघायचं, त्याच्याआधी नाही. उम्म राशिदनं माझ्या साडीच्या निऱ्यांखाली धुपाटणं ठेवलं, मी चांगली शेकून निघाले. वास मोठा श्रीमंत, पण मला उग्र वासानं अर्धशिशी उठते. संध्याकाळपर्यंत डोकं ठणकत होतं.

तर अविनाशला बोलावलं होतं एका हरिणीसाठी. डोंगराच्या अलीकडं माळावर रानातल्या हरणांचा एक लहान कळप होता. तिथल्या हरिणी आपल्या चिंकारासारख्या, पाय काडीसारखे. त्यांतल्या एकीच्या मागच्या पायात तार अडकली होती. अबू राशिदनं आम्हाला घराच्या गच्चीवरून दुर्बिणीनं दाखवली. कळप चालायचा आणि ही मागून तीन पायांवर उड्या मारत यायची. तार खुराच्या वर मांसात रुतलेली, पाय सुजून दुसऱ्या पायाच्या दुप्पट. आणि पोट बघून अविनाश म्हणाला, गाभण आहे.

अबू राशिदनं आयुष्याची निम्मी वर्षं हरणांची शिकार केलेली. त्यानंच सांगितलं, की तेव्हा पोटासाठी मारली, पुढं गाड्या आल्या तेव्हा लोकांनी हौसेसाठी मारली, आणि एके वर्षी माळावर एकही हरीण दिसेना. बंदी आली तेव्हा त्यानं बंदूक कपाटात ठेवली. हरणं परत आली ती त्यानं ठेवलेल्या पाण्याच्या कुंडांवर. आणि आता त्याच्याच जुन्या कुंपणाची हिरवी तार तिच्या पायात. कुंपण काढताना माणसांनी तुकडे माळावरच टाकले होते. हे सांगताना तो आमच्याकडे बघतच नव्हता.

मग त्यानं अविनाशला जे सांगितलं ते मला शब्दन् शब्द आठवतं. दख्तूर म्हणजे डॉक्टर आणि जुमा म्हणजे शुक्रवार, उद्याचा नव्हे, त्याच्या पुढचा.

"अगले जुमे तक, दख्तूर. उसके बाद मैं खुद बंदूक उठाऊँगा. मेरी तार से सड़कर नहीं मरेगी."

बंदी त्यालाही ठाऊक होती. होईल ती शिक्षा घेईन, म्हणाला. अविनाशनं नुसती मान हलवली. घरात येऊन त्यानं पेटी उघडली आणि बंदूक पुसत बसला. त्याची ती आधीची ऐट कुठल्या कुठं गेली होती.

शुक्रवार

आम्ही त्या रात्री तिथंच राहिलो. सकाळी न्याहारी झाली, ऊद झाला, आणि अविनाश नि अबू राशिद जीपनं निघाले. मी आपली डोकं धरून गच्चीत. जीप माळावर पोचायच्या आधीच कळप उधळला. जीपनं पाठलाग करायची सोय नव्हती. अविनाशनं मला समजावलं होतं की हरणाला पळवून दमवलं तर त्याचे स्नायू आतून जळतात आणि औषध न मारताच ते दोन दिवसांनी मरतं. वाचवायला जायचं आणि मारून यायचं, असला उद्योग. म्हणून दोघं हात हलवत परत आले.

दुपारी जेवण झालं आणि पुन्हा धुपाटणं यायची चाहूल लागली. मी उंट बघून येते म्हणून मागच्या दारानं सटकले. सरळ म्हणते, पळाले. उंटांच्या गोठ्यावरून पुढं चालत राहिले आणि डोंगराच्या बाजूला, बऱ्याच लांब एका घाफाखाली जाऊन बसले. तिथून कळप दिसत होता, हरणं खाली माना घालून चरत होती. समुद्राकडून छान वारा येत होता, डोकंही उतरलं. पर्समधून क्रोशाची सुई काढली आणि वर्षाच्या पोराच्या टोपीचे टाके मोजत बसले.

आणि एकदम ऊद. कुणी नाकाखाली धुपाटणं धरावं तसा.

मी दचकून मागं बघितलं, पुढं बघितलं. चिटपाखरू नाही. पदर हुंगला, तो दुपारीच बदललेला, त्याला कपाटातल्या डांबरगोळ्यांचा वास. समोर बघते तर हरणं कधीच निघून गेलेली. माझ्या नाकाला कळायच्या आत त्यांच्या नाकांना कळलं होतं. आणि मग चांगल्याच उशिरानं, शेताच्या बाजूच्या उंचवट्याआडून दोन डोकी वर आली. अविनाश पोटावर सरपटत होता, बंदूक पुढं धरलेली. त्याच्या मागं अबू राशिद, गुडघ्यांचं काय झालं असेल देव जाणे. एवढी धडपड कशासाठी, तर रिकामा माळ बघायला.

परतीच्या वाटेवर गाडीत मी विषय काढला. म्हटलं, अवि, तुझा तो पंखा वाऱ्याचा वेग सांगतो, पण वाऱ्यावर बसून काय जातं ते सांगतो का? त्याला आधी कळेना. मग मी घाफाखालची हकिकत सांगितली. त्यानं गाडीचा वेग कमी केला, स्वतःची बाही नाकाला लावली आणि "अरे देवा" म्हणाला. मृणालला हसू आवरेना. म्हणाली, दोघंही लग्नातल्या करवल्यांसारखे घमघमत शिकारीला गेले होते.

पुढचा आठवडा

हसून झालं, पण पेच सुटला नव्हता. अबू राशिदला सांगायचं कसं? अविनाश म्हणाला, त्याच्या घरी ऊद नाकारणं म्हणजे आपल्याकडं दिवाळीचं अभ्यंग नको म्हणण्यासारखं. शिवाय तो वयानं मोठा, शिकारीतला जाणता, त्याला वाऱ्याचं शहाणपण मी शिकवू? मृणाल म्हणाली, ॲलर्जी आहे म्हणून सांग. अविनाशला खोटं बोलायचं नव्हतं, कारण खोटं पचवायची त्याच्यात ताकदच नाही, लगेच कान लाल होतात, तेही त्याला माहीत. दुसरा एखादा डॉक्टर पाठवा म्हणावं का, इथपर्यंत गाडी आली. सानिका टीव्ही बघता बघता म्हणाली, "जस्ट टेल हिम ना. व्हाय इज एव्हरीबडी सो स्केअर्ड?"

मधले दिवस मी शारजा बघितलं, कराम्याला जाऊन आले, तिथं एका हॉटेलात ओळखीची चव असलेली मिसळ खाल्ली, कोकणातली चार पोरं शेजारच्या टेबलावर भेटली, त्यांनी मला आग्रहानं सोलकढी पाजली. हे सगळं एरवी मी चवीनं लिहिलं असतं. पण सारखं मनात तेच यायचं, की तिचा पाय आता किती सुजला असेल. रोज सकाळी अविनाश शेतावर फोन करायचा आणि फोन ठेवून नुसतं "आहे अजून" म्हणायचा.

गुरुवार

पुन्हा मलीहा. कळप जागेवर होता, हरिणी आणखी मागं पडलेली. जेवणं झाली. आतल्या खोलीतून उम्म राशिद धुपाटणं घेऊन बाहेर आली. अविनाशनं माझ्याकडं बघितलं. मी त्याच्याकडं. हा काही बोलत नाही हे दिसल्यावर मलाच राहवेना. आमच्या घराण्यात आधी बोलायचं आणि मग घाबरायचं ही पद्धत माझी एकटीची आहे.

मी उठून उम्म राशिदचा हात धरला आणि मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितलं. म्हटलं, माझ्या घरी सवाष्ण आली तर मी तिला कुंकू लावल्याशिवाय उंबरा ओलांडू देणार नाही, त्यामुळं मी काय मागते ते मला कळतं. पण ती बाहेरची बाई गाभण आहे आणि तिला आपला ऊद लांबून कळतो. मग घाफाखालचं सगळं सांगितलं.

उम्म राशिदच्या हातातलं धुपाटणं धुमसत राहिलं. मनात म्हटलं, झालं, भाच्याची नोकरी घालवली. अबू राशिद खाली बघत दाढीवरून हात फिरवत होता. मग त्यानं तोच हात नाकाशी नेला, आणि त्याचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतोय. तो हसत होता.

त्याचे वडील त्याला शिकारीच्या आदल्या रात्री उंटांमध्ये झोपवायचे, म्हणाला. साबण नाही, तेल नाही. वाऱ्याकडं पाठ करून कधी जायचं नाही, हे त्याला चालायला शिकवायच्या वयात शिकवलेलं.

"मैंने समझा, दख्तूर के पास मशीन है, अब नाक का क्या काम."

अविनाशचे कान लाल झाले. तो म्हणाला, मला वाटलं, शिकार ह्यांनी केलीय, म्हणजे वाऱ्याचं हे बघत असतील. दोन शहाणे एकमेकांच्या भरवशावर राहिले आणि हरिणी तीन पायांवर आठवडाभर जास्त हिंडली. उम्म राशिदनं धुपाटणं आत नेऊन ठेवलं. परत आली तेव्हा तिच्या तोंडावर नाराजी होती, पण माझ्या शेजारीच बसली.

मग बेत ठरला. पहाटे वारा डोंगराकडून, म्हणजे शेताकडून जाणाऱ्याच्या तोंडावर येतो आणि ऊन चढलं की समुद्राकडून, म्हणून निघायचं पहाटेच. पण तो एक उंचवटा सोडला तर माळ सपाट, लपायला काही नाही, चालत्या माणसाला हरणं मैलावरून ओळखतात. मला वडील आठवले. काळवीट माणसाला भितं, जीपला भितं, पण बैलगाडीला भीत नाही. रोज बघितलेली असते ना. वडील गाडीच्या आडानं चालत चालत अगदी जवळ जायचे. मी गाडीत बसलेली असायची. ते ज्ञान मला आयुष्यात कधी उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं, आणि पडावं अशी इच्छाही नव्हती. मी बैलगाडीचं सांगितलं तसे अबू राशिदचे डोळे चमकले. बैल कुठून आणणार, म्हणाला, पण ऊंट है. त्यांचेही लोक असेच जायचे, चरत्या उंटाच्या आडून. सोलापूर आणि मलीहा एका क्षणात भावकी झाली.

शेवटचा शुक्रवार

अविनाशनं अंघोळीची गोळी घेतली. रात्रभर उंटांच्या गोठ्यात टांगलेला एक जुना मळका झगा त्याला घातला. मृणाल त्याच्यापासून चार हात लांब उभी होती. अबू राशिदनं सम्हा नावाची एक म्हातारी सांडणी निवडली, कारण तिला कशाचीच घाई नसते. त्याची जुनी बंदूक जीपमध्ये होती. मी बघितली आणि त्याला कळलं की मी बघितली. आम्ही दोघंही त्यावर बोललो नाही.

आम्ही बायका गच्चीवर. तोंडावर डोंगराकडचा गार वारा. दुर्बिणीतून मला दिसत होतं: सम्हा झुडपा-झुडपाशी थांबत, तोंड मारत, वाकड्या वाटेनं चाललेली. तिच्या पलीकडच्या अंगाला अबू राशिद, लगाम सैल सोडलेला. तिच्या मागच्या पायांआड अविनाश, कमरेत वाकलेला. ती थांबली की तेही थांबायचे. हरिणीनं एकदा मान वर केली. उम्म राशिदनं माझं मनगट एवढं घट्ट धरलं की बांगडी रुतली. हरिणीनं सम्हाकडं बघितलं, कान हलवले आणि पुन्हा खाली तोंड घातलं.

मागाहून कळलं, की मध्येच अबू राशिदनं खूण केली, मार. बंदुकीच्या गोळीच्या हिशोबानं ते पुरेसे जवळ होते. अविनाशनं दुर्बिणीतला आकडा बघितला आणि मान हलवली. सुई इतक्या लांब जात नाही. म्हाताऱ्यानं मुकाट्यानं सम्हाला पुढच्या झुडपाकडं वळवलं. त्याबद्दल मला त्याचं फार कौतुक वाटतं.

आवाज आमच्यापर्यंत आलाच नाही. कळप फुटला एवढंच दिसलं. हरिणीच्या मांडीवर गुलाबी ठिपका, सुईचं शेपूट, आणि ती तीन पायांवर उड्या मारत एका घळीकडं निघालेली. खाली त्यांना ती दिसेनाशी झाली. गुंगीत वेडीवाकडी पडली तर गुदमरते, हे मला माहीत होतं. पण मला गच्चीवरून दिसत होतं. ती डगमगली, एका बाभळीला टेकली आणि खाली बसली. मृणालच्या मोबाइलवरून मी अविनाशला सांगितलं, घळीत उतर, डाव्या हाताची वाकडी बाभूळ. अख्ख्या आयुष्यात मी इतकं थोडक्यात कधी बोलले नाही.

आम्ही जीपनं पोचलो तेव्हा अबू राशिदनं डोक्यावरचा रुमाल काढून तिच्या डोळ्यांवर बांधला होता. अविनाशनं मला बसवलं आणि तिचं डोकं उचलून धरायला सांगितलं. मी धरलं. केवढीशी मान ती. माझ्या तळहातावर तिचा ऊन श्वास लागत होता आणि मला रडू येत होतं, ते मी येऊ दिलं. वडिलांच्या गाडीत मी कधी हरणाला हात लावला नव्हता.

तार पकडीनं तुटली, पण मांसातून सोडवायला वेळ लागला. पू निघाला. अविनाशनं धुतलं, औषध भरलं, टोचलं. हाड शाबूत आहे, म्हणाला. मग पोटावर हात ठेवून थांबला आणि माझा दुसरा हात ओढून तिथं ठेवला. आत काहीतरी हललं. अबू राशिदनं तारेचा तुकडा उचलून खिशात घातला आणि पाठ फिरवून उभा राहिला.

शुद्धीवर आणायचं इंजेक्शन दिलं, रुमाल सोडला आणि आम्ही सगळे मागं सरून खडीत बसलो. ती उठली, कोलमडली, पुन्हा उठली. चौथा पाय टेकवला, झटकन उचलला, परत टेकवला. पण जाईना. आमच्याकडं तोंड करून नुसती उभी. अविनाशचा चेहरा उतरला. रानातलं जनावर माणसांसमोर असं उभं राहिलं तर ते चांगलं नाही, एवढं त्यानं हळूच सांगितलं. अबू राशिद जीपकडं बघत होता.

ऊन चांगलं वर आलं होतं. माझ्या मानेला मागून गार झुळूक लागली. समुद्राकडचा वारा सुटला होता, आमच्यावरून सरळ तिच्याकडं चाललेला, आमचा घाम, औषधं, पेट्रोल, सगळं घेऊन. तिच्या नाकपुड्या हलल्या. कान ताठ झाले. एकदा तिनं आमच्याकडं नीट बघितलं आणि अशी पळाली म्हणता, घळीतून वर, माळावर, डोंगराकडं, मध्येच लंगडत, मध्येच चारही पाय टेकत.

"डर गई हमसे," अबू राशिद म्हणाला. "अल्हम्दुलिल्लाह, अभी भी डरती है."

अविनाशनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. ती कळपाला मिळेपर्यंत आम्ही कुणीच उठलो नाही.